मुद्रा, पावती आणि वाटेवरचा माल

माल धन्याच्या कोठारात असतो तेव्हा तो कोणाचा हे सर्वांस ठाऊक असते, आणि घेणाऱ्याच्या दुकानी उतरला म्हणजेही ठाऊक असते. मधल्या वाटेवर तो कोणाच्या ताब्यात आणि कोणाच्या जबाबदारीवर, हा प्रश्न मात्र व्यापाराइतकाच जुना आहे. हल्ली त्याचे उत्तर यंत्रे देऊ लागली आहेत. मालमोटारीत बसविलेली एक डबी आपले ठिकाण घटकेघटकेला कळविते, पेटाऱ्याच्या कडीत अडकविलेली खिट्टी आपला क्रमांक बिनतारी सांगते, आणि घरी बसलेला मनुष्य आपले पार्सल कोठवर आले ते हातातल्या फोनवर पाहतो. हे सारे काल-परवाचे आहे अशी आपली समजूत असते. आमचे म्हणणे असे की यातले यंत्र नवे आहे, युक्ती नवी नाही. आणि जुन्या लोकांनी या युक्तीशी जी एक गोष्ट बांधून ठेविली होती, ती मात्र नव्या व्यवस्थेत सैल होऊ पाहत आहे. ती कोणती हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. लांब मात्र जावे लागणार नाही. पुरावा कुही तालुक्यातच आहे.

नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवर कुही, आणि याच तालुक्यात अडम नावाचे लहानसे गाव. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९८८ ते १९९२ या काळात अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली तेथे उत्खनन केले. मातीच्या तटाने आणि खंदकाने वेढलेली एक प्राचीन वसाहत उजेडात आली, सातवाहनकालीन नाणी निघाली, आणि एक मातीचा मुद्रांकित गोळाही निघाला. त्यावर ब्राह्मी अक्षरांत ‘असकजनपदस’ असे उमटले आहे. म्हणजे ‘अस्सक जनपदाची’. अस्सक म्हणजेच अश्मक. बौद्ध वाङ्मयातील सोळा महाजनपदांत त्याचे नाव आहे आणि त्याची जागा गोदावरीच्या काठी सांगितली आहे. अडम तर वैनगंगेच्या खोऱ्यातले. मग अडम त्या जनपदात मोडत होते काय, असा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

त्याचा निकाल लावण्याचा अधिकार आमचा नाही. परंतु त्या निमित्ताने एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. शिक्का वेगळा आणि शिक्क्याचा ठसा वेगळा. शिक्का धन्याजवळ राहतो, त्याच्या पेटीत किंवा बोटातल्या अंगठीत. ठसा मात्र गाठोड्याबरोबर प्रवास करितो. गाठोड्याची दोरी बांधावयाची, गाठीवर ओल्या मातीचा गोळा थापावयाचा, त्यावर शिक्का दाबावयाचा आणि माती वाळू द्यावयाची. अशा गोळ्यांच्या पाठीवर पुष्कळदा दोरीचा किंवा कापडाचा वळ सापडतो तो यामुळे. माल उघडावयाचा तर माती फोडावी लागे, आणि फोडलेली माती पुन्हा पहिल्यासारखी जुळत नसे. तेव्हा शिक्का जेथे सापडतो तेथे माल बांधणारा होता, असे म्हणता येईल. पण ठसा सापडला तर तेथे माल पोहोचला होता आणि बहुधा उघडला गेला होता, एवढेच निश्चित. अडमचा तो गोळा अस्सकांच्या अंमलाचा पुरावा असेल किंवा नसेलही. वाटेवरच्या जबाबदारीचा पुरावा तो खचित असू शकतो. दूर कोठेतरी कोणी एक वस्तू बांधली, आपल्या जनपदाचे नाव तिच्यावर घातले, आणि ते नाव कुहीच्या परिसरात येऊन मातीत पडले.

(याच तालुक्यातील मांढळ येथे वाकाटकांचे ताम्रपट मिळाले आहेत. त्यांचे पत्रेही कडीत ओवलेले असतात आणि त्या कडीवर राजमुद्रा. एखादा पत्रा बदलावयाचा तर कडी कापावी लागणार, आणि कापलेली कडी पाहणाऱ्याच्या नजरेतून सुटणार नाही. बांधणी तीच, माती गेली आणि तांबे आले.)

या मातीच्या गोळ्यामागे केवढी राज्यव्यवस्था उभी असे, याची कल्पना कौटिलीय अर्थशास्त्रावरून येते. ग्रंथाचा काळ कोणता हा वाद बाजूस ठेवू. त्यातील शुल्काध्यक्षाच्या प्रकरणात नगराच्या महाद्वारापाशी जकातीचे ठाणे वर्णिले आहे. चार-पाच कारकुनांनी येणाऱ्या सार्थाची नोंद करावयाची : कोण आहेत, कोठून आले, माल किती, आणि ओळखीची खूण किंवा मुद्रा कोठे केली. ज्या मालावर मुद्रा नाही त्याला दुप्पट आकार. मुद्रा खोटी निघाली तर जकातीच्या आठपट दंड. मुद्रा फुटलेली असेल तर त्या व्यापाऱ्याला ठाण्यावर थांबवून ठेवावे. म्हणजे मुद्रा नसणे, खोटी असणे आणि फुटलेली असणे हे तीन वेगळे अपराध आणि तिघांचे माप वेगळे. ही बारीक नजर आम्हांस विलक्षण वाटते. आजच्या ई-वे बिलाचा नमुना या नोंदीशेजारी ठेवून पाहावा. १ एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांहून अधिक किमतीचा माल एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेताना ते लागते. पाठविणारा कोण, घेणारा कोण, माल कोणता व किती, गाडीचा क्रमांक कोणता. कौटिल्याच्या कारकुनांना हा नमुना भरावयास शिकवावे लागले नसते.

परंतु त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, आणि आमच्या विषयाचे मर्म तिच्यात आहे. सरहद्दीवर अंतपाल नावाचा अधिकारी असे. तो गाडीमागे आणि जनावरामागे वाटेचा कर घेई, परदेशी माल तपासून त्यावर खूण व मुद्रा करी आणि पुढे रवाना करी. वाटेत काही हरवले किंवा चोरीस गेले तर त्याची भरपाई त्याने करावी, असे तेथे सांगितले आहे. मुद्रा करणारा हात आणि नुकसान भरून देणारा हात एकच. प्रत्यक्षात सर्व अंतपाल भरपाई करीत असतील असे मानण्याइतके आम्ही भोळे नाही. पण नियम म्हणून ती गोष्ट लिहून ठेवावीशी वाटली, हे महत्त्वाचे.

मराठी भाषेनेही हा व्यवहार आपल्या शब्दांत जपून ठेविला आहे. ‘पावती’ हा शब्द ‘पावणे’ म्हणजे पोहोचणे यावरून आला. पैसे मिळाल्याची चिठी हा अर्थ मागाहूनचा, मूळ अर्थ पोहोचल्याची खूण. ‘रुजुवात’ म्हणजे यादी आणि वस्तू समोरासमोर ठेवून मेळ घालणे. मराठी राज्यात पत्रे घेऊन जासूद धावत तेव्हा घेणारा उत्तराच्या आरंभीच अमुक तिथीचे पत्र अमुक तिथीस पावले असे लिही, त्यावरून वाटेत किती दिवस गेले ते पाठविणाऱ्यास कळे. सावकारीत ‘जोखमी हुंडी’ नावाचा प्रकार होता. ती मालावर काढलेली असे. माल सुखरूप पोहोचला तरच तिचे पैसे देणे लागत, वाटेत बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणजे वाटेवरची जोखीम एका कागदावर लिहून, तिची किंमत ठरवून, ती पत्करणारा मनुष्य नावानिशी उभा केलेला असे.

आगगाडी आली आणि ही ओळखीपाळखीची व्यवस्था अपुरी पडू लागली. १८६७ मध्ये मुंबईची रेल्वे नागपुरास पोहोचली. कुहीवरून जाणारी नागपूर-नागभीड अरुंद मापाची गाडी १९०८ मध्ये सुरू झाली आणि मोठ्या मापाच्या कामासाठी २०१९ च्या नोव्हेंबरात बंद होईपर्यंत ती या भागाची सोबतीण होती. या गाड्यांनी खेड्यातल्या माणसाला ‘बिल्टी’ हा शब्द दिला. ज्याच्या हाती बिल्टी त्याच्या हाती माल. ती बँकेत ठेवून पैसे उचलता येत. डब्याच्या दाराच्या कडीत तार ओवून तिच्या टोकाशी शिशाची गोळी चिमट्याने दाबीत, आणि त्या गोळीवर स्टेशनची खूण उमटे. अडमच्या मातीची ही शिशाची पणती म्हणावयास हरकत नाही.

पण येथेच पहिली फट पडली. पोती मोजून न घेता डबा भरला असेल तर रेल्वे बिल्टीवर तसा शेरा मारी : माल पाठविणाऱ्याच्या सांगण्यावरून लिहिला आहे. १९८९ च्या रेल्वे कायद्यातही अशा वेळी वजन आणि नगसंख्या सिद्ध करण्याचा भार माल पाठविणाऱ्यावरच टाकला आहे. सील शाबूत, डबा वेळेवर, आणि आत दोन पोती कमी, असे झाले तर शाबूत सील हे धन्याच्या बाजूचे न राहता वाहतूकदाराच्या बाजूचे साक्षीदार होते. दार उघडलेच गेले नाही, मग पोती भरलीच कशावरून? सील खरे बोलते, पण जेवढे विचारले तेवढेच बोलते.

नागपूरचे नाव या इतिहासात आणखी एका कारणाने घेतले पाहिजे, आणि ते कारण नागपूरकरांसही पुष्कळदा ठाऊक नसते. ३० जानेवारी १९४९ रोजी रात्रीची विमान-टपाल सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांहून रात्री विमाने निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई, आणि पहाटेच्या आत प्रत्येक विमान बाकीच्या तीन शहरांची पत्रे घेऊन आपल्या गावी परते. सर्व माल एका मध्यबिंदूवर आणून तेथून फाटे फोडण्याची ही रीत पुढे अमेरिकेत फेडरल एक्स्प्रेस कंपनीने मेम्फिस येथे अवलंबिली आणि तिचा जगभर गाजावाजा झाला; पण ती एप्रिल १९७३ ची गोष्ट. सोनेगावच्या धावपट्टीवर हे काम त्याआधी चोवीस वर्षे सुरू झाले होते. प्रत्येक थैलीला चिठी, तोंडाला सील, बरोबर यादी, आणि उतरविताना-चढविताना दिव्याच्या उजेडात रुजुवात. हे सारे सुखासुखी झाले असे नाही. १२ डिसेंबर १९५३ च्या रात्री नागपूरहून उडालेले असे एक विमान कोसळून तेरा माणसे प्राणास मुकली.

टपालाचाच दुसरा धागा आपल्या पत्त्याशी निगडित आहे. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन क्रमांक सुरू झाले. त्यांचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल-तार खात्यातले अधिकारी आणि संस्कृतातले कवी व नाटककार. कुहीचा पिन ४४१२०२. पहिला ४ पश्चिमेकडील विभागाचा, ४४ म्हटले की विदर्भ, ४४१ ने टपाल वेगळे काढण्याचा जिल्हा ठरतो, आणि शेवटचे तीन अंक नेमक्या टपाल कचेरीचे. लिपी कोणतीही असो, गावाचे नाव वाचता येवो न येवो, सहा अंकांवर पत्र बिनचूक वाटेला लागते. २०२५ च्या मे महिन्यात टपाल खात्याने ‘डिजिपिन’ प्रसिद्ध केला. त्याने देशाची जमीन सुमारे चार मीटर लांबरुंद चौकोनांत वाटली जाऊन प्रत्येक चौकोनाला दहा अक्षर-अंकांची खूण मिळते. तथापि पत्ता आणि ठिकाण यांत अंतर आहे. पत्ता सांगतो की वस्तू कोठे जावयाची. ती या क्षणी कोठे आहे हे तो सांगत नाही. ते सांगण्यासाठी वस्तूला बोलके करावे लागते.

वस्तूला बोलके करण्याचा पहिला मोठा प्रयत्न धुळीने हाणून पाडला. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांनी १९६७ मध्ये ठरविले की प्रत्येक डब्यावर रंगीत चकचकीत पट्ट्या लावावयाच्या आणि रुळाकाठच्या यंत्राने प्रकाशझोत टाकून डब्याचा क्रमांक वाचावयाचा. लाखो डब्यांना पट्ट्या लागल्या. मग त्यांवर काजळी बसली, रंग उडाला, पाचांतला एक डबा यंत्राला वाचता येईना, आणि १९७७ मध्ये ही योजना सोडून द्यावी लागली. त्याच सुमारास किराणा दुकानात मात्र काळ्या-पांढऱ्या रेघांनी जम बसविला. २६ जून १९७४ रोजी ओहायो राज्यातील एका दुकानात च्युइंग गमच्या पुडक्यावरची रेघांची खूण यंत्राने प्रथम वाचली. दुकानातला माल स्वच्छ असतो आणि वाचणारा हात त्याच्यासमोर असतो; रेल्वेच्या डब्याला ही दोन्ही सुखे नाहीत.

धुळीवर उपाय निघाला तो रेडिओच्या लहरींचा. दुसऱ्या महायुद्धात येणारे विमान आपले की शत्रूचे हे ओळखण्यासाठी विमानात एक यंत्र बसवीत. रडारची लहर आली की ते ठराविक उत्तर देई. पुढे हेच यंत्र इतके लहान झाले की कागदाच्या चिठीत मावू लागले, आणि त्याला विजेची घटमालाही लागेना. याची युक्ती मोठी सुबक आहे. वाचणारे यंत्र लहर सोडते. चिठीतली बारीक तार त्या लहरीतूनच किंचित वीज घेते, तेवढ्यावर चिप जागी होते, आपला क्रमांक परत पाठविते आणि पुन्हा निजते. चिखल, धूर, अंधार यांची तिला तमा नाही. आपल्या मोटारींच्या काचांवरचा ‘फास्टॅग’ तो हाच. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर तो सर्व चारचाकींना सक्तीचा झाला, तेव्हापासून हे तंत्र घरोघरी आले. फक्त त्याचे नाव कोणी विचारीत नाही.

मालाच्या बाबतीत त्याचा खरा उपयोग झाला तो न्हावा-शेवा बंदरात. १९८९ मध्ये हे बंदर सुरू झाले आणि देशातील पेटारा-वाहतुकीचा फार मोठा भाग त्याने उचलला. २०१६ पासून तेथे पेटाऱ्यांना रेडिओ-चिठी लावून बंदरापासून नाक्यांवरून आतल्या डेपोंपर्यंत त्यांचा माग ठेवण्याची व्यवस्था सुरू झाली. २०१७ मध्ये सीमाशुल्क खात्याने पुढचे पाऊल टाकले. कारखानदाराने निर्यातीचा पेटारा आपल्याच आवारात बंद करावा आणि त्यावर इलेक्ट्रॉनिक सील लावावे, असा नियम झाला. हे सील म्हणजे एक जाड लोखंडी खिट्टी. ती एकदा बसली की कापल्यावाचून निघत नाही, आणि तिच्या पोटात रेडिओ-चिठी असते. सील लावले की त्याचा क्रमांक, निर्यातीच्या कागदाचा क्रमांक, गाडीचा क्रमांक, तारीख आणि वेळ ही माहिती खात्याकडे नोंदवावयाची. बंदरावर यंत्र सील वाचते आणि रुजुवात घालते. क्रमांक जुळला आणि सील अभंग असले तर पेटारा एरवी न उघडता पुढे जातो. नागपूरहून मुंबईकडे आता ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग आहे, ५ जून २०२५ पासून तो संपूर्ण खुला झाला. त्या सगळ्या वाटेत पेटारा कोणी उघडला नाही याची ग्वाही मुठीएवढ्या खिट्टीने द्यावयाची. सील नसणे, सील खोटे असणे, सील तुटलेले असणे : कौटिल्याचे तिन्ही अपराध जसेच्या तसे उभे आहेत. खोट्या मुद्रेचा प्रकारही जुनाच. चिठीतला क्रमांक वाचून दुसऱ्या चिठीत उतरविता येतो. म्हणून चिपमध्ये कारखान्यातच, पुढे न पुसता येणारा, आणखी एक क्रमांक कोरून ठेवितात आणि दोन्ही क्रमांकांची जोडी तपासतात.

आता ठिकाणाविषयी. उपग्रह आपल्या गाडीकडे पाहत असतो, अशी समजूत पुष्कळ सुशिक्षितांचीही आहे. वास्तविक उपग्रहाला आपली गाडी आहे की नाही हेदेखील माहीत नसते. तो केवळ आपली घड्याळाची वेळ आणि आपली जागा आकाशातून सांगत राहतो. गाडीतली डबी निदान चार उपग्रहांचे संदेश ऐकते, प्रत्येक संदेश येण्यास किती अवधी लागला त्यावरून अंतर काढते, आणि आपण कोठे आहोत याचे गणित स्वतःच करिते. सेकंदाच्या अब्जाव्या भागात प्रकाश सुमारे एक फूट जातो, तेव्हा या घड्याळांना केवढी शिस्त हवी ते दिसून येईल. अमेरिकेची ही यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण कार्यरत झाली. सामान्य लोकांसाठी तिच्यात मुद्दाम ठेविलेली अस्पष्टता २००० च्या मे महिन्यात काढून टाकण्यात आली. भारताने २०१३ ते २०१६ या काळात स्वतःचे सात उपग्रह सोडले आणि त्या यंत्रणेस ‘नाविक’ हे नाव दिले. पुढे त्यांतील काही घड्याळे बिघडली, बदली उपग्रह पाठवावे लागले.

डबीने ठिकाण काढले तरी ते मालकाला कळविण्यासाठी निराळा दूत लागतो, तो म्हणजे मोबाइलचे जाळे. ते नसेल तेथे डबी ठिकाण मनात ठेविते आणि जाळे लागल्यावर सांगते. ती गप्प झाली म्हणजे गाडी रानात आहे, की यंत्र बिघडले, की कोणी तार कापली, हे शांततेवरून कळत नाही. कुही, उमरेड, भिवापूर भागातल्या लोकांना याचे उदाहरण बाहेरून आणून देण्याची गरज नाही. उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातला ‘जय’ नावाचा वाघ नागझिऱ्याहून चालत आला, नामांकित झाला, त्याच्या गळ्यात रेडिओ-पट्टा घातला गेला. एप्रिल २०१६ मध्ये पट्ट्याचा संदेश बंद पडला. शोध झाला, चौकशी झाली, पण जय पुन्हा दिसला नाही. एवढा मोठा, एवढा ओळखीचा प्राणी, आणि गळ्यात यंत्र असूनही शेवटचा संदेश कोठून आला एवढेच आपल्या हाती राहिले.

पट्टा स्वतःचे ठिकाण सांगतो, वाघाचे नाही. मालाच्या बाबतीतही हे विसरून चालत नाही. डबी मोटारीला जोडलेली असते. पोती दुसऱ्या मोटारीत भरली तर डबी प्रामाणिकपणे रिकाम्या गाडीची बातमी देत राहील. म्हणून जाणते वाहतूकदार ठिकाण सांगणारी डबी आणि दार न उघडल्याची ग्वाही देणारे सील यांची सांगड घालितात. काही कुलपे अशी निघाली आहेत की नेमलेल्या जागेबाहेर उघडली तर तत्काळ बोभाटा करितात. खूण आणि वस्तू यांच्यामधली गाठ पक्की असली पाहिजे, हे अडमच्या माणसाला माहीत होते. त्याने नाव नुसते गाठोड्यावर लिहिले नाही, गाठीवर दाबले.

येथवर यंत्रांची बाजू झाली आणि ती आम्हांस मनापासून कौतुकाची वाटते. आता दुसरी बाजू. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे; समजा, कुही तालुक्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने अशी मिरची मोटारीने दूरच्या व्यापाऱ्याकडे पाठविली आणि ती पोहोचली नाही. मोटार कोठे थांबली, किती वेळ थांबली, दार केव्हा उघडले, हे सारे कोणाच्या तरी यंत्रात मिनिटामिनिटाने लिहिलेले असेल. प्रश्न असा की त्याला पैसे कोण देणार? १८६५ च्या वाहतूकदार कायद्यात एक चांगली गोष्ट होती : माल हरवला एवढे धन्याने दाखविले की पुरे, वाहतूकदाराची हयगय त्याला सिद्ध करावी लागत नसे. मात्र धन्याची सही घेऊन जबाबदारी आखडून घेण्याची मुभाही त्याच कायद्याने वाहतूकदारास दिली होती, आणि ‘मालकाच्या जोखमीवर’ हे शब्द बिल्टीवर रुळले ते तेव्हापासून. २००७ चा रस्ते-वाहतूक कायदा १ मार्च २०११ पासून लागू झाला. त्याखालील नियमांप्रमाणे, अधिक किंमत जाहीर करून अधिक जोखमीचा दर मान्य केला नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपुरती राहते. मिरचीसारख्या हलक्या आणि महाग मालाला दहापट भाडे म्हणजे काय, याचा हिशोब ज्याचा त्याने करून पाहावा. टपालाचीही कथा निराळी नाही. १८९८ च्या कायद्याने वस्तू हरवल्याच्या जबाबदारीतून खाते मोकळे ठेविले होते. जून २०२४ पासून अमलात आलेल्या नव्या कायद्यातही, नियमांनी ठरविले असेल तेवढी सोडता, तीच सूट कायम आहे. अंतपालाने मुद्रा केली की भरपाईही त्याच्या गळ्यात येई. आज मुद्रा पाहिल्यापेक्षा शतपट बारीक झाली आणि भरपाई भाड्याच्या दहापटीवर येऊन थांबली.

त्यात आणखी एक अडचण. यंत्राची नोंद ज्याच्याजवळ असते तो बहुधा मोठा व्यापारी किंवा वाहतूक-कंपनी असते, शेतकरी नव्हे. ती नोंद न्यायालयापुढे ठेवावयाची तर नुसता फोनवरचा नकाशा दाखवून भागत नाही. मूळ यंत्रच हजर करता येत नसेल तर ते यंत्र कोणाच्या ताब्यात होते आणि नोंद कशी निघाली याचा दाखला जोडावा लागतो. जालन्याच्या एका निवडणूक-खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही हा दाखला कायम आहे. म्हणजे पावती आहे, पण ती दुसऱ्याच्या दप्तरात.

तेव्हा माल पाठविणाऱ्याने दोन गोष्टी मोटार सुटण्यापूर्वी कराव्यात. मालाची खरी किंमत पाठवणीच्या कागदावर लिहवून घ्यावी आणि अधिक जोखमीचा दर भरून त्याची पोच घ्यावी. आणि गाडीत यंत्र असेल तर त्याची नोंद मागता येईल असे त्याच कागदावर लिहवून घ्यावे. माल हरवलाच, तर माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस दिली पाहिजे. ती न दिल्यास पुढे दावा चालत नाही. १८० दिवस म्हणजे मिरचीचा एक हंगाम उलटून दुसऱ्याची रोपे टाकण्याची वेळ.